राजवटीच्या पापाचे वाटेकरी कोण?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. धर्माच्या नावाने झालेल्या कत्तलींचा हिशेब नास्तिक मंडळी आस्तिकांपुढे नेहमी मांडतात. मग स्टालिन, माओ, कंबोडियाचा पोल पॉट, अल्बानियाचा एन्व्हर होजा या उघडपणे निरीश्वरवादी असलेल्या राज्यकर्त्यांच्या काळात जे कोट्यवधी लोक मेले, त्यांची जबाबदारी नास्तिकांनी का घेऊ नये? विसाव्या शतकातील युरोपचा इतिहास शिकवताना हा प्रश्न मला विद्यार्थ्यांनी आणि व्याख्यानानंतर थांबणाऱ्या श्रोत्यांनी अनेकदा विचारला आहे, आणि त्याला दोन्ही बाजूंनी दिली जाणारी ठरीव उत्तरे मला सारखीच अपुरी वाटत आली आहेत. एका बाजूचे म्हणणे असे की देवाचा धाक सुटला की माणूस मोकाट सुटतो, त्याचाच हा पुरावा. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की नास्तिक असणे ही त्या राज्यकर्त्यांची खासगी बाब होती, त्यांच्या कृत्यांशी तिचा काडीमात्र संबंध नाही. कागदपत्रे वाचू लागले की ही दोन्ही विधाने टिकत नाहीत.

दुसरे विधान आधी तपासू, कारण नास्तिकांना गैरसोयीचे असलेले आधी कबूल केल्याशिवाय पुढच्या युक्तिवादाला अर्थ राहत नाही. जानेवारी १९१८ मध्ये लेनिनच्या सरकारने चर्च आणि राज्यसंस्था यांची फारकत करणारा हुकूम काढला. एवढेच असते तर फ्रान्सने १९०५ मध्ये केले त्याहून ते फार निराळे ठरले नसते. पण १९२१-२२ मध्ये व्होल्गा खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला, त्यात सुमारे ५० लाख माणसे मेली, आणि दुष्काळनिवारणाचे कारण पुढे करून चर्चमधील सोन्याचांदीच्या वस्तू जप्त करण्याची मोहीम सुरू झाली. शुया या गावात लोकांनी विरोध केला, सैनिकांनी गोळीबार केला, काही माणसे मेली. त्यानंतर १९ मार्च १९२२ रोजी लेनिनने पॉलिटब्युरोच्या, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळाच्या, सदस्यांसाठी एक गुप्त पत्र लिहिले. त्यातील विचार असा होता की लोक उपासमारीने गलितगात्र झालेले असतानाच हा घाव घालता येईल, पुन्हा अशी संधी येणार नाही, आणि या निमित्ताने जितके जास्त धर्मगुरू गोळ्या घालून मारता येतील तितके बरे. हे पत्र रशियात प्रसिद्ध व्हायला १९९० साल उजाडावे लागले. पेत्रोग्रादचे मेट्रोपॉलिटन, म्हणजे ऑर्थोडॉक्स चर्चचे वरिष्ठ धर्मगुरू, वेन्यामिन यांनी दुष्काळग्रस्तांसाठी मौल्यवान वस्तू स्वखुशीने देण्याची तयारी दाखवली होती. तरीही खटला भरून ऑगस्ट १९२२ मध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

पुढे १९२५ मध्ये येमेल्यान यारोस्लाव्स्की यांच्या नेतृत्वाखाली अनीश्वरवाद्यांचा संघ स्थापन झाला आणि १९२९ मध्ये त्याच्या नावात ‘लढाऊ’ हे विशेषण जोडले गेले. ऐन भरात असताना या संघाने ५० लाखांहून अधिक सदस्य असल्याचा दावा केला होता. त्यांपैकी कित्येक केवळ कागदावरचे असतील, कारण कारखान्यातल्या सगळ्या कामगारांची नावे एकदम नोंदवण्याची तिथे रीतच होती. एप्रिल १९२९ च्या कायद्याने धार्मिक मंडळींना उपासनेपलीकडे काहीही करण्यास, अगदी गोरगरिबांना मदत करण्यासही, मनाई केली. ५ डिसेंबर १९३१ रोजी मॉस्कोतील ‘ख्रिस्त तारणहार’ कॅथेड्रल सुरुंग लावून पाडण्यात आले. या सगळ्यामागे केवळ सत्तेची भूक होती, निरीश्वरवाद फक्त तोंडी लावण्यापुरता होता, असे म्हणणे म्हणजे पुराव्याकडे पाठ फिरवणे होय. शाळा, वृत्तपत्रे, कायदा, पोलीस आणि सरकारी खजिना हे सगळे नास्तिकता रुजवण्याच्या कामी जुंपलेले होते. धर्मगुरूंच्या छळामागे निरीश्वरवादी विचारसरणी हे एक खरे कारण होते, हे मी निःसंदिग्धपणे म्हणेन.

मात्र ‘कोट्यवधी मृत्यू’ हा शब्द उच्चारला की अगदी भिन्न कारणांनी झालेले मृत्यू एकाच राशीत ओतले जातात, आणि इथे इतिहासकाराला हात आडवा घालावा लागतो. १९३२-३३ मध्ये युक्रेन व कझाकस्तानात जे दुष्काळबळी गेले ते सक्तीची धान्यवसुली आणि सामुदायिक शेतीची जबरदस्ती यांमुळे. चीनमध्ये १९५८ नंतर उत्पादन झपाट्याने वाढवण्यासाठी माओने काढलेल्या ‘मोठ्या झेपे’त कोट्यवधी माणसे मेली ती फुगवलेल्या उत्पादनाच्या आकड्यांवर वसुली ठरवली गेल्यामुळे आणि खरे बोलणाऱ्याची गच्छंती होत असल्यामुळे. १९५९ च्या लुशान बैठकीत माओला खरी परिस्थिती कळवणारे संरक्षणमंत्री पंग दहुआय हे स्वतः पक्के कम्युनिस्ट होते. त्यांचे पद गेले आणि पुढे सांस्कृतिक क्रांतीत त्यांचे अतोनात हाल झाले. या दुष्काळांच्या कारणमीमांसेतून ‘देव नाही’ हे मत वगळून पाहावे. धान्यवसुलीचे यंत्र जसेच्या तसे उभे राहते. ते मत चर्च पाडण्याच्या मोहिमेतून वगळले तर मात्र मोहिमेचा कणाच मोडतो. एकाच राजवटीच्या दोन गुन्ह्यांना एकच कारण चिकटवता येत नाही, एवढे पथ्य पाळले तरी या विषयावरचे निम्मे भांडण मिटेल.

आता एक प्रकरण जरा जवळून पाहू, कारण ‘नास्तिक’ या समूहावर ठपका ठेवणे किती अवघड आहे ते त्यातून स्पष्ट होते. जानेवारी १९३७ मध्ये सोव्हिएत संघात एका रात्रीत जनगणना उरकण्यात आली. तारीख अशी होती की दुसऱ्या दिवशी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंचांगाप्रमाणे नाताळची पूर्वसंध्या होती. प्रश्नावलीत १६ वर्षे व त्यावरील प्रत्येकाला एक प्रश्न होता: तुम्ही धर्म मानता का, आणि मानत असाल तर कोणता? दोन दशकांच्या प्रचारानंतर आणि दहशत ऐन भरात येत असताना, दारात उभ्या असलेल्या सरकारी माणसाला सुमारे ५ कोटी ५३ लाख लोकांनी ‘होय, मानतो’ असे सांगितले. ‘नाही’ म्हणणारे सुमारे ४ कोटी २२ लाख होते. शिवाय एकूण लोकसंख्या १६ कोटी २० लाखांच्या आसपास भरली, आणि स्टालिनने तर १९३४ मध्येच पक्षाच्या अधिवेशनात ती १६ कोटी ८० लाख असल्याचे सांगून टाकले होते. मधले लोक गेले कुठे, हा प्रश्न कोणी विचारण्याआधीच जनगणना सदोष ठरवून रद्द करण्यात आली. तिची सूत्रे सांभाळणारे इव्हान क्रावाल आणि ओलिंपी क्वित्किन यांना अटक करून गोळ्या घालण्यात आल्या. १९३९ मध्ये पुन्हा जनगणना झाली तेव्हा धर्माचा प्रश्न गुपचूप गाळलेला होता.

आता या ४ कोटी २२ लाख लोकांपैकी कोणाला जबाबदार धरायचे? त्यांत चौकशी करणारे पोलीस अधिकारी होते, तसेच त्यांच्या तावडीत सापडून मरण पावलेलेही होते. मनातून देव मानणारे पण भीतीने ‘नाही’ म्हणणारे किती होते, हे कोणी मोजू शकत नाही. ज्या माणसांनी ही आकडेवारी प्रामाणिकपणे गोळा केली त्यांनाच त्या आकडेवारीपायी मरावे लागले. या समूहाची एकमेव समान बाब म्हणजे एका प्रश्नाला दिलेले एक उत्तर. तेवढ्यावर कोणावरही आरोपपत्र उभे राहू शकत नाही.

‘मोठ्या दहशती’च्या १९३७-३८ या दोन वर्षांत सोव्हिएत दप्तरानुसारच ६ लाख ८० हजारांहून अधिक लोकांना देहदंड दिला गेला. लेनिनचे जुने सहकारी झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्ह १९३६ मध्येच संपवले गेले होते, बुखारिन मार्च १९३८ मध्ये गेला. हे तिघेही आयुष्यभराचे निरीश्वरवादी. एका नावाचा आपल्याशी थेट संबंध आहे. सरोजिनी नायडूंचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, ज्यांना युरोपातील भारतीय क्रांतिकारक ‘चट्टो’ म्हणत, ते लेनिनग्राडमध्ये मानववंशशास्त्राच्या संस्थेत काम करत होते. जुलै १९३७ मध्ये त्यांना अटक झाली आणि २ सप्टेंबर १९३७ रोजी गोळ्या घालण्यात आल्या. स्टालिनच्या पापाचा वाटा समस्त नास्तिकांच्या माथी मारायचा, तर चट्टोंच्या माथीही तो मारावा लागेल.

सप्टेंबर १९४३ मधील घटना तर ‘देव नाकारला म्हणून हिंसा’ या सूत्राला सरळच छेद देते. युद्धाचा रेटा असह्य झाल्यावर स्टालिनने ४ सप्टेंबरच्या रात्री तीन मेट्रोपॉलिटनांना क्रेमलिनमध्ये बोलावले, आणि अवघ्या चार दिवसांत रशियन ऑर्थोडॉक्स चर्चला सर्गेई हे नवे धर्मप्रमुख मिळाले. चर्चवर देखरेख ठेवण्यासाठी जे मंडळ नेमले गेले त्याचा प्रमुख कार्पोव्ह हा गुप्त पोलीस दलातला कर्नल होता. तीन वर्षांनी, १९४६ मध्ये, पश्चिम युक्रेनमधील ग्रीक कॅथलिक चर्च बळजबरीने याच ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये विलीन करण्यात आले आणि विरोध करणारे बिशप व धर्मगुरू छळछावण्यांत धाडले गेले. म्हणजे निरीश्वरवादी सरकारने एका चर्चला हाताशी धरून दुसरे चर्च संपवले! छावण्या त्याच, चौकशीची पद्धत तीच. फक्त देवाविषयीचे अधिकृत धोरण सोयीनुसार बदलले.

नास्तिकांना सर्वात जड जाणारे उदाहरण माझ्या मते अल्बानियाचे आहे, आणि आपल्याकडच्या चर्चेत त्याचे नावही क्वचितच निघते. फेब्रुवारी १९६७ मध्ये एन्व्हर होजाने धर्माविरुद्ध मोहिमेचे रणशिंग फुंकले. दुर्रेस शहरातील शाळकरी मुलांना पुढे करण्यात आले आणि त्याच वर्षात देशभरातील २,००० हून अधिक मशिदी, चर्च, मठ आणि दर्गे बंद पडले. कोणाची वखार झाली, कोणाचा चित्रपट दाखवण्याचा हॉल झाला; श्कोदर येथील कॅथेड्रलचे क्रीडागृह करण्यात आले. १९७६ च्या राज्यघटनेच्या ३७व्या कलमात राज्य कोणताही धर्म मानत नाही आणि निरीश्वरवादाच्या प्रचाराला पाठिंबा देते, असे स्वच्छ लिहिलेले होते. त्याआधीच्या वर्षी निघालेल्या फर्मानाने ‘अयोग्य’ नावे, म्हणजे बहुतेक करून धार्मिक वळणाची नावे, बदलण्याची सक्ती केली होती. एका श्वेत टोपीवाल्या म्हाताऱ्याने रमजानचा रोजा धरला किंवा आजीने ईस्टरला अंडी रंगवली तरी ते पोलिसांच्या कानावर जाण्याजोगे कृत्य होते. इथे नास्तिकतेला बगल देता येत नाही. छळाचे कारण आणि कायद्याचा मजकूर एकच आहे. एवढे मात्र नोंदवले पाहिजे की होजाच्या मोहिमेत राष्ट्रवादाचाही मोठा वाटा होता. मुस्लिम, ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक हे तिन्ही समाज आपापल्या धर्मातून तुर्कस्तान, ग्रीस आणि इटलीकडे पाहतात, म्हणून धर्मच नको, हा तर्क अल्बानियात त्याच्याही आधी जन्मलेला होता आणि होजाने तो सोयीने उचलला. पण असे म्हणून होजाच्या निरीश्वरवादाला जामीन देण्याचा माझा विचार नाही.

मग जबाबदारी कशी ठरवायची? यासाठी आपल्याजवळ दोन उपयोगी साधने आहेत. पहिले नाझी नेत्यांवर खटले चालवणाऱ्या न्यूरेंबर्गच्या न्यायाधिकरणाचे. १९४६ च्या निकालात एसएस हे निमलष्करी दल, गेस्टापो हे गुप्त पोलीस दल आणि नाझी पक्षाचे नेतृत्वमंडळ या संघटनाच गुन्हेगार घोषित झाल्या, म्हणजे सामूहिक दोषाच्या फार जवळचे काहीतरी तिथे घडले. तरीही न्यायाधीशांनी अटी घातल्या: संघटनेचा हेतू गुन्हेगारी असला पाहिजे, आणि सदस्य स्वेच्छेने, त्या हेतूची जाणीव ठेवून तीत राहिलेला असला पाहिजे. सक्तीने भरती झालेले आणि काहीच ठाऊक नसलेले यांना वगळले गेले. ही फूटपट्टी लढाऊ अनीश्वरवादी संघाला लावता येते, आणि त्याचे जे पदाधिकारी धर्मगुरूंची नावे पोलिसांना पुरवत होते ते तीत नक्की सापडतील. ‘नास्तिकता’ या मताला ती लावताच येत नाही, कारण त्या मताचे सदस्यत्व नसते, कार्यकारिणी नसते आणि त्याने कोणाला आदेश दिल्याचा कागदही नसतो.

दुसरे साधन जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांचे. पत्नी ज्यू असल्यामुळे नाझी काळात त्यांची प्राध्यापकी गेली होती. युद्ध संपताच हायडेलबर्ग येथे दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी फौजदारी दोष, राजकीय दायित्व, नैतिक दोष आणि त्याही पलीकडचा, माणूस म्हणून वाटणारा दोष अशी विभागणी केली. राजकीय दायित्व नागरिक म्हणून सगळ्यांवर येते, म्हणून नुकसानभरपाई सगळ्या जर्मनांनी द्यायची; पण फौजदारी दोष व्यक्तीचाच, आणि नैतिक दोष ज्याने त्याने स्वतःशी तपासायचा. ही विभागणी आपल्या प्रश्नाला लावली तर सोव्हिएत राज्याचे दायित्व सोव्हिएत नागरिकांकडे आणि त्यांच्या वारस राज्याकडे जाते. सांगलीतल्या किंवा पणजीतल्या एखाद्या नास्तिकाकडे ते येण्याचा मार्ग मला दिसत नाही. नैतिक प्रश्न मात्र एका वर्गाला चुकत नाही. जुन्या बोल्शेव्हिक नेत्यांवर चाललेल्या १९३६ ते १९३८ च्या मॉस्को खटल्यांचे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांनी समर्थन केले. ज्यांनी ते लिहून, बोलून केले त्यांना त्याचा जाब विचारलाच पाहिजे, आणि तो त्यांच्या लेखनाबद्दल विचारला पाहिजे.

याच्या उलट टोकाला उभे राहिलेले नास्तिकही होते. मानवेंद्रनाथ रॉय १९२९ मध्ये कम्युनिस्ट इंटरनॅशनलमधून बाहेर काढले गेले आणि पुढे त्यांनी व्यक्तिस्वातंत्र्याला केंद्रस्थानी ठेवणारा नवमानवतावाद मांडला. तो पूर्णपणे इहवादी होता आणि हुकूमशाहीचा कडवा विरोधकही होता. महाराष्ट्रात वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारखे विद्वान रॉय यांच्या विचारांकडे ओढले गेले. सासवडचे वि. म. तारकुंडे हे रॉय यांचे निकटचे सहकारी, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती आणि उघड निरीश्वरवादी; आणीबाणीत नागरी स्वातंत्र्यासाठी जयप्रकाश नारायण यांच्याबरोबर उभे राहिलेल्यांत ते आघाडीवर होते. होजाच्या कृत्यांवरून ‘नास्तिकां’चा स्वभाव ठरवायचा, तर तारकुंड्यांच्या कृत्यांवरून का ठरवायचा नाही? दोन्ही अनुमाने तितकीच कच्ची आहेत.

हिटलरविषयी दोन वाक्ये पुरेशी आहेत, कारण या वादात त्याला दोन्ही बाजू चेंडूसारख्या एकमेकांकडे टोलवतात. त्याच्या सरकारने १९३३ मध्ये जर्मन मुक्तविचारवाद्यांच्या संघटनेवर बंदी घातली, तिचा अध्यक्ष माक्स झीव्हर्स याचा १९४४ मध्ये शिरच्छेद करण्यात आला, आणि त्याच १९३३ मध्ये व्हॅटिकनशी करार झाला. पण म्हणून नाझीवादाचे खापर ख्रिस्ती श्रद्धेवर फोडणे हीदेखील त्याच जातीची चूक ठरेल.

खरे तर समूहावर दोष टाकण्याची रीत ही या राजवटींचीच कार्यपद्धती होती. सोव्हिएत गुप्त पोलिसांचा एक वरिष्ठ अधिकारी लात्सिस याने १९१८ मध्येच लिहिले होते की आरोपीने काय केले याचा पुरावा शोधत बसू नका. तो कोणत्या वर्गातला, त्याचे शिक्षण काय, धंदा काय, हे विचारा. याच पोलिसांच्या जुलै १९३७ च्या ००४४७ क्रमांकाच्या आदेशात ‘चर्चवाले आणि पंथीय’ हा एक स्वतंत्र प्रवर्ग होता, आणि प्रत्येक प्रांताला कोटा ठरवून दिलेला होता: सुरुवातीला ७५,९५० जणांना देहदंड आणि १,९३,००० जणांना छावणी किंवा तुरुंग. पुढच्या महिन्यात पोलिश वंशीयांसाठी वेगळा आदेश निघाला आणि ‘देशद्रोह्यां’च्या बायकांसाठी आणखी एक. माणसाने काय केले हे न पाहता तो कशात मोडतो हे पाहण्याची सवय लागली की कोटा भरणे हे कारकुनी काम होते.

त्यामुळे मूळ प्रश्नातील पहिला अर्धा भागही मला तपासावासा वाटतो. धर्मयुद्धे, इन्क्विझिशन (पाखंडाबद्दल खटले चालवणारी चर्चची न्यायालये) आणि फाळणीतील कत्तली यांची यादी वाचून ‘बघा तुमचा धर्म’ असे शेजारच्या भाविक माणसाला सुनावणारा नास्तिक स्वतः तोच तर्क वापरत असतो. मग स्टालिनचे नाव निघाल्यावर त्याने कुरकुर करण्यात अर्थ नाही. गोव्यात १५६० मध्ये सुरू झालेल्या इन्क्विझिशनचे न्यायाधीश, त्यांचे नियम आणि त्यांना बळ देणारे पोर्तुगीज राजे यांची चिकित्सा अवश्य करावी. आज म्हापशात मिसेला जाणाऱ्या बाईंना त्याचा जाब विचारू नये. विचारसरणीची चिकित्सा मात्र दोन्हीकडे खुली राहिली पाहिजे. कोणत्या मतात विरोधकाला शत्रू ठरवण्याची सोय आहे, कोणते मत राज्याच्या हाती दंडुका देते, हे विचारणे म्हणजे समूहाला दोष देणे नव्हे, आणि मार्क्सवादी-लेनिनवादी निरीश्वरवादात अशी सोय होती असेच माझे मत आहे.

कंबोडियातील एका निकालात हे सारे किती बारकाईने करता येते ते दिसते. पोल पॉटच्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीच्या १९७६ च्या राज्यघटनेने ‘प्रतिगामी’ धर्मांवर बंदी घातली. भिक्खूंची वस्त्रे उतरवून त्यांना शेतमजुरीला लावले, चाम मुस्लिमांना डुकराचे मांस खायला भाग पाडले, त्यांचे कुराण जाळले आणि मोठ्या संख्येने त्यांना ठार केले. चार वर्षांत एकूण १५ ते २० लाख माणसे मेली. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या न्यायालयाने १६ नोव्हेंबर २०१८ रोजी राजवटीतील दोन उच्चपदस्थांना, नुओन चिया आणि राष्ट्रप्रमुख राहिलेला खियू साम्फान यांना, व्हिएतनामी वंशीयांच्या वंशसंहाराबद्दल दोषी ठरवले. चाम मुस्लिमांच्या वंशसंहाराबद्दल मात्र फक्त नुओन चिया दोषी ठरला. साम्फानच्या बाबतीत त्या एका आरोपापुरता पुरावा न्यायालयाला पुरेसा वाटला नाही. दोघांचा पक्ष एक, विचारसरणी एक, निरीश्वरवाद एक, बसण्याउठण्याची वर्तुळेही एकच. तरीही न्यायाधीशांनी प्रत्येकाचे आदेश, बैठका आणि जाणीव वेगवेगळी तपासली, आणि मानवतेविरुद्धच्या इतर गुन्ह्यांसाठीही दोषी ठरवून दोघांनाही जन्मठेप दिली.